एकशे अठ्ठावीसच्या लयीतलं भजन

आमच्या मंडळीत टाळ्या चालतात. हात वर केलेले चालतात, डोळे मिटून डोललेलंही चालतं. पाय मात्र जमिनीवरून उचललेले चालत नाहीत. हा नियम बायबलमध्ये नाही. तो आमच्या पंचमंडळाने माझ्यामुळे केला, आणि माझ्या कामाची इतकी गंभीर दखल त्याआधी किंवा त्यानंतर कोणीही घेतलेली नाही.

माझं काम म्हणजे रीमिक्स. शहाडला आमचा लहानसा फ्लॅट आहे. त्याच्या मागच्या खोलीत जुन्या गाद्या भिंतींना टेकवून मी स्टुडिओ केला आहे. कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याच्या आसपासच्या गावांत हळदीला जी गाणी वाजतात, त्यातली बरीचशी या गाद्यांमधून गेलेली असतात. डीजेवाले मूळ गाणं पाठवतात, मी त्याखाली ढोल, बेंजो आणि पोटात घुमेल असा बेस घालून परत करतो. मम्मी बाहेर सांगताना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं सांगते. ते खोटं नाही, म्हणून मीही दुरुस्त करत नाही.

पण मनापासून मी जे करतो ते ख्रिस्ती इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक. असा एक प्रकार जगात आहे हे सांगितलं की हळदीवाले हसतात आणि चर्चवाले घाबरतात. परदेशात म्हणे त्याची मोठमोठी संमेलनं होतात, तरुण मुलं येशूच्या नावाने घामाघूम होईपर्यंत नाचतात. आपल्याकडे हे करणारा मी एकटाच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग कळलं की आणखीही आहेत, आणि त्या प्रत्येकालाही तसंच वाटत असतं. मी गाणी इंटरनेटवर टाकतो. खाली कधी तरी एखाद्या अनोळखी देशातला माणूस आगीचं चित्र टाकून जातो. तो भक्त आहे की नाचरा, हे त्या चित्रावरून कळत नाही.

या संगीताची रीत सोपी आहे. ताल चढवत न्यायचा, सगळं आवळत आणायचं, मग एका क्षणी सगळे आवाज काढून घ्यायचे आणि लोकांचा जीव टांगणीला लागला की धाडकन सोडायचं. त्या सोडण्याला ड्रॉप म्हणतात. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. मी लहानपणापासून उपदेश ऐकत आलो आहे, आणि चांगला उपदेशक ‘हालेलुया’च्या आधी नेमकं हेच करतो.

माझे वडील, म्हणजे पप्पा, मी जन्मायच्या आधीपासून आमच्या कल्याणच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे. नोकरी जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात, आणि रविवारी सकाळी वेदीच्या डाव्या बाजूची, खांबाला लागून असलेली लाकडी खुर्ची. कारखान्यातून ते कधीच निवृत्त झाले, खुर्चीतून नाही. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलेलं नव्हतं. आम्ही मूळचे नगरकडचे. आजोबा तिकडे शाळामास्तर आणि प्रचारक होते. या गावाहून त्या गावाला पायी जायचे आणि जाता जाता भजनं रचायचे. त्यातलं एक आमच्या मंडळीत अजून गातात: ‘दार लोटू नको देवा, मी हळूहळू येतो आहे.’ चालही आजोबांचीच. चालता चालता बांधल्यामुळे असेल, ती गायला दम फार लागतो.

हे भजनच नव्हे, आमच्याकडे सगळीच गाणी एका खास पद्धतीने गायली जायची. ओळ संपली की पप्पा पुढची ओळ लगेच धरायचे नाहीत. ते एका सुरावर बोट ठेवून थांबायचे. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका ओळीचं शेवटचं अक्षर लांबवत असायच्या. ते पुरतं विरेपर्यंत आणि त्यांचा पुढचा श्वास घेऊन होईपर्यंत पेटी तिथेच गुणगुणत राहायची. मग पुढची ओळ. हे थांबणं दर ओळीला आणि दर रविवारी वेगळं. बाहेरून आलेला माणूस हमखास फसायचा. तो पुढची ओळ मोठ्या उत्साहाने एकटाच सुरू करायचा, आणि अख्खी मंडळी मान वळवून त्याच्याकडे प्रेमाने बघायची. आमच्याकडे पाहुणा असा ओळखू यायचा.

शेवटच्या रांगेच्या पुढारी होत्या सिस्टरबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणायचे. एकट्या राहायच्या. दमा होता, पण त्याची दखल फक्त इतरांनी घ्यायची, त्यांनी नाही. मी जन्मलो तेव्हा त्या ड्यूटीवर होत्या. ‘आईला किती ताटकळत ठेवलंस, आठवतं का?’ हे त्या मला भेट होईल तेव्हा विचारायच्या. मला आठवत नाही, असं मी दर वेळी कबूल करायचो.

या थांबण्याचा एकच तोटा होता. आमच्या उपासनेनंतर त्याच इमारतीत तमिळ मंडळीची उपासना असते. ते लोक इस्त्रीचे कपडे घालून, मुलांची बोटं धरून वेळेवर येतात आणि बाहेर ताटकळतात. आमचं शेवटचं गाणं शेवटच्या ओळीपाशी पोचलेलं असायचं आणि तिथेच थांबलेलं असायचं. दारातून त्यांचे हसरे चेहरे दिसायचे. ते हसू वर्षागणिक आखूड होत गेलं.

अशात आमच्याकडे नवे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, आले. तरुण होते, बुलेटवरून यायचे, मला ‘ब्रदर’ म्हणायचे. मनाने चांगले. त्यांची काळजी एकच होती. आमची तरुण मुलं रविवारी डोंबिवलीला जाऊ लागली होती. तिथे एका दुकानाच्या वरच्या एसी हॉलमध्ये नवी संगती, म्हणजे प्रार्थनासभा, सुरू झाली होती. तिथे ड्रम होते, रंगीत दिवे होते आणि योग्य वेळी धूर सोडणारं यंत्र होतं. धुराच्या यंत्राशी आमची शेवटची रांग टक्कर देऊ शकत नव्हती.

“ब्रदर,” पाळकसाहेब मला म्हणाले, “आपलंच गाणं घ्या, आपल्याच मातीतलं. पण पोरांना उठून उभं राहावंसं वाटलं पाहिजे.”

मला एवढंच हवं होतं. मी आजोबांचं भजन निवडलं. हळूहळू येणाऱ्या माणसाचं गाणं मी मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोक्यांवर बसवायचं ठरवलं, आणि त्यात काही विचित्र आहे असं मला त्या वेळी अजिबात वाटलं नाही.

पप्पा पेटी आणि आवाज द्यायला तयार झाले. गाद्यांच्या खोलीत त्यांना बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि त्यात तालाची टिकटिक सोडली. पहिली ओळ त्यांनी टिकटिकीबरोबर नीट गायली. ओळ संपली आणि ते थांबले. टिकटिक पुढे गेली. पप्पा थांबलेलेच.

“पप्पा, पुढची घ्या ना.”

“त्यांचं होऊ दे की.”

“कोणाचं? इथे कोणी नाहीये.”

“हो, ते पण खरंच,” पप्पा म्हणाले, आणि पुढच्या ओळीनंतर परत थांबले. मी टिकटिक बंद केली, त्यांना हवं तसं गाऊ दिलं, आणि ते गेल्यावर सगळ्या थांबलेल्या जागा कापून काढल्या. कॉम्प्युटरवर हे फार सोपं असतं. जिथे आवाजाची रेघ बारीक होते तिथे कात्री लावायची आणि दोन तुकडे जोडायचे. भजन निम्म्याहून छोटं झालं. मग पेटीच्या एका हरकतीचा छोटा तुकडा घेऊन तो गोल गोल फिरवला, त्याखाली बेस घातला आणि ‘हळूहळू येतो आहे’ नंतर असा ड्रॉप लावला की माझ्याच अंगावर काटा आला. स्वतःच्या गाण्याने अंगावर काटा येणं हे आमच्या धंद्यात वाईट लक्षण मानतात, पण मी खूश होतो.

पप्पांना ऐकवलं. त्यांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं.

“छान आहे,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या कुठे गेल्या?”

मी हसलो. मला वाटलं त्यांनी विनोद केला.

तरुण संघाच्या रविवारी ते गाणं पहिल्यांदा वाजलं. ठाण्याहून स्पीकर भाड्याने आणले होते. ताल चढत गेला, मुलं उभी राहिली, हात वर गेले, आणि ड्रॉप पडला तेव्हा पुढच्या चार रांगांनी उड्या मारल्या. फरशीवरची धूळ वर आली. डोंबिवलीच्या हॉलमधल्या धुराची आम्ही अशी पहिल्यांदाच बरोबरी केली. त्याच संध्याकाळी पंचमंडळ बसलं आणि पायांचा ठराव झाला. एका ज्येष्ठ पंचांनी टाचा उचललेल्या चालतील का, असा प्रश्न काढला होता, त्यावर बराच खल झाला असं ऐकतो. निर्णय राखून ठेवला आहे.

गाणं मात्र फिरलं. आमच्या मुलांनी त्याचे रील केले. माझ्या एका हळदीवाल्या गिऱ्हाइकाने, भिवंडीच्या बाजूच्या गावातला डीजे तो, कुठेतरी ते ऐकलं आणि फोन केला. “दादा, यो पेटीचा पीस मना पायजे. हलदीला कडक वाजंल.” मी पप्पांना विचारलं. त्यांना गंमत वाटली. “दे की,” म्हणाले, “त्यांच्या पायांना तरी बंदी नाही.” त्या उन्हाळ्यात आजोबांच्या चालीवर किती नवरदेव हळदीने माखले ते देवाला ठाऊक.

मग पाळकसाहेबांनी एक मोठा निर्णय घेतला. मुलं परत येत होती, हे त्यांना दिसत होतं. शिवाय माझा रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावला त्या रविवारी फक्त मुलंच गायल्यामुळे उपासना वेळेत संपली होती आणि तमिळ मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी येऊन त्यांचे हात हातात घेतले होते. एका भल्या माणसाला एवढं पुरे असतं. त्यांनी जाहीर केलं की आता हळूहळू सगळीच गाणी ट्रॅकवर घ्यायची. ट्रॅक मी बनवायचे. मला संगीत संयोजक हे पद मिळालं. स्पीकर कायमचे घ्यायचे ठरले, आणि डावा स्पीकर ठेवायला खांबाजवळची जागा सोडून दुसरी सोयीची जागा नव्हती.

पाळकसाहेब स्वतः घरी आले. “काका, तुम्ही खूप सेवा केलीत. आता आराम करा.”

“हो, गुडघे पण दुखतात,” पप्पा म्हणाले. पेटी बसून वाजवतात, त्यात गुडघ्यांचं काम नसतं. पण पाळकसाहेबांना पेटी येत नव्हती, त्यामुळे त्यांना बरं वाटलं.

पहिल्या रविवारी पप्पा मम्मीच्या शेजारी बसले. चर्चमध्ये ते दोघं शेजारी बसण्याची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ असावी. पप्पांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. ते मांडीवर ठेवत, मग पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवत. गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द येईपर्यंत ट्रॅक पुढे गेला होता. दुसऱ्याने सुरू केलेलं गाणं गायची त्यांना सवयच नव्हती. मी लॅपटॉपमागून बघत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी बेस उजव्या बाजूला जास्त येतोय हेही जाणवत होतं. धंदा माणसाचं असं करून टाकतो.

घरी पप्पा दर शनिवारी संध्याकाळी पेटीचं कव्हर काढायचे, पेटी पुसायचे, भाता हलवून बघायचे आणि पुन्हा कव्हर घालायचे. मम्मी हे स्वयंपाकघरातून बघायची. एक दिवस तिने मला गाठलं.

“तुझ्या गाण्याने त्यांची खुर्ची गेली. तूच परत आणून दे.”

“मी काय करणार? पाळकसाहेबांनी ठरवलंय.”

“पाळकसाहेबांना तू नाही का गाणं दिलंस? आता खुर्ची पण तूच दे. मला माहीत नाही ते.”

मम्मीला माहीत नाही म्हणजे विषय संपला. आता काहीतरी करणं भाग होतं.

इकडे चर्चमध्ये वेगळीच पंचाईत झाली होती. मुलं ट्रॅकबरोबर गात होती, पण शेवटची रांग आपल्याच चालीने गात होती. त्यांनी विरोध वगैरे काही केला नव्हता. त्या फक्त आपली ओळ संपवल्याशिवाय पुढे जात नव्हत्या. त्यामुळे ट्रॅक तिसऱ्या ओळीवर असताना मागून दुसरी ओळ शांतपणे येत राहायची, आणि ट्रॅक संपल्यावर शांत झालेल्या चर्चमध्ये शेवटचं कडवं एकट्या म्हाताऱ्यांचं असायचं. पाळकसाहेब हात जोडून उभे राहायचे. तमिळ मंडळीचे चेहरे पुन्हा दारात दिसू लागले. उपाय म्हणून पाळकसाहेबांनी ट्रॅक महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि घरी सराव करायला सांगितलं.

त्यानंतर सिस्टरबाईंचा मला फोन आला. “ये इकडे, तुझं गाणं बसवतोय.”

मी त्यांच्या घरी गेलो. शेवटची रांग पलंगावर आणि खुर्च्यांवर बसली होती. मधोमध स्टुलावर एक स्टीलचं पातेलं, आणि आवाज मोठा यावा म्हणून त्यात फोन उभा केलेला. गाणं सुरू झालं. पहिली ओळ वाजली. सिस्टरबाईंनी पातेल्यात हात घालून ते थांबवलं. मग सगळ्यांनी मिळून ती ओळ गायली, आपल्या नेहमीच्या पद्धतीने, शेवटचं अक्षर ताणून ताणून. सिस्टरबाईंनी श्वास घेतला, लागला तेव्हा दम्याचा पंप मारला, आणि मग पुन्हा पातेल्यात हात घालून पुढची ओळ सुरू केली. ती वाजली की परत थांबवली. ड्रॉपपाशी तर त्यांनी गाणं थांबवून चहा घेतला, कारण तिथे शब्द नव्हते. ज्या जागेवर मी सगळ्यात जास्त घाम गाळला होता ती जागा महिला मंडळाच्या चहाची होती.

“गाणं चांगलं केलंयस रे,” सिस्टरबाई म्हणाल्या. “जरा घाईत आहे. पण थांबवलं की थांबतं, तेवढं बरं आहे.”

“पण चर्चमध्ये ते थांबणार नाही ना, सिस्टरबाई.”

“का? तू असतोस की तिथे.”

घरी येऊन मी पप्पांचं मूळ रेकॉर्डिंग काढलं. सुदैवाने फेकून दिलेलं नव्हतं. कापलेल्या जागा परत जोडल्या, प्रत्येक थांबणं किती लांब आहे ते बघू लागलो आणि तेवढी जागा ट्रॅकमध्ये ठेवायचं ठरवलं. बेस थांबणार, ढोल थांबणार, फक्त पेटीचा एक सूर चालू राहणार. ऐकायला खरं तर सुंदर वाटत होतं. रविवारी वाजवलं. काही ओळींना ट्रॅक म्हाताऱ्यांच्या आधी निघाला, काही ओळींना म्हाताऱ्या आटोपून ट्रॅकची वाट बघत बसल्या. मुलांना तर काहीच कळेना. एकाने मला येऊन विचारलं की पेन ड्राइव्ह खराब आहे का.

पप्पांना विचारलं, “नक्की किती थांबायचं असतं?”

“ते मोजायचं नसतं. मागे बघायचं असतं.”

“मागे कुठे?”

“सिस्टरबाईंच्या खांद्यांकडे. खांदे वर झाले म्हणजे श्वास घेतला. मग निघायचं.”

मी पाळकसाहेबांकडे गेलो. सांगितलं की हे ट्रॅकमध्ये बसवता येणार नाही, या भजनाला पेटी लागेल, पप्पा लागतील, निदान या एका भजनापुरती तरी खुर्ची परत ठेवा. पाळकसाहेबांनी मनापासून ऐकलं. कपाळाला आठ्या घालून विचार केला. मग म्हणाले, “ब्रदर, सरासरी काढता नाही का येणार?”

मी त्यांना हसलो नाही, कारण मीही आधी मोजमापच करून बसलो होतो.

पावसाळ्याच्या शेवटी सिस्टरबाईंचा दमा वाढला. आठवडाभर दवाखान्यात होत्या. तिथल्या नर्सना त्या झोपल्या झोपल्या सूचना देत होत्या, असं भेटून आलेल्या बायका सांगत. एका सकाळी त्या गेल्या. नगरहून त्यांचा पुतण्या आला. घरी प्रार्थना करून मग कबरस्तानात न्यायचं ठरलं. पाळकसाहेबांनी मला सांगितलं की ब्लूटूथ स्पीकर घेऊन ये आणि भजनाचं शांत व्हर्जन लाव, ड्रॉप वगैरे नको. मी ड्रॉप काढला. ते करताना मला रडू आलं, हेही सांगून टाकतो.

त्याच खोलीत सिस्टरबाईंना ठेवलं होतं, जिथे पातेल्यात गाणं थांबवून चहा झाला होता. पांढरी साडी, उशाशी बायबल. शेवटची रांग भिंतीला टेकून उभी होती. पप्पा दाराजवळ मम्मीबरोबर उभे होते, हात मागे बांधून. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी फोन काढला.

“आज ते नको,” भिंतीजवळची एक बाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. पाळकसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि मला हाताने थांबायची खूण केली. सगळ्यांनी पप्पांकडे बघितलं. पेटी घरी होती, कव्हर घातलेली. पप्पांनी घसा साफ केला आणि तशीच पहिली ओळ धरली.

दार लोटू नको देवा, मी हळूहळू येतो आहे. बायकांनी साथ दिली. ओळ संपली. सगळ्यांचं गाऊन झालं होतं, कोणीही अक्षर लांबवत नव्हतं. पप्पा थांबले. खोलीत काहीही आवाज नव्हता. खाली शववाहिनीचं इंजिन चालू होतं तेवढंच. पप्पा सिस्टरबाईंच्या खांद्यांकडे बघत होते. त्या नेहमी जेवढा वेळ घ्यायच्या तेवढा त्यांनी जाऊ दिला, मग दुसरी ओळ सुरू केली. दर ओळीला असंच. कोणी खोकलं नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही. पाळकसाहेब एकदा पुढच्या ओळीसाठी तोंड उघडून बसले होते, ते त्यांनी हळूच मिटलं.

कबरस्तानातून निघताना पाळकसाहेब पप्पांजवळ आले. त्यांचे डोळे लाल होते. “काका, माझं चुकलं. रविवारी लवकर या. स्पीकर दुसरीकडे ठेवू. खुर्ची तुमची तुम्हाला.”

मम्मीने माझ्याकडे बघितलं. तिचं काम झालं होतं. मलाही हायसं वाटलं.

“नको,” पप्पा म्हणाले. “आता ट्रॅक चालेल.”

“अहो पण काका, मागच्या सगळ्या बायका...”

“त्यांना जमतं. त्या काही हळू गात नव्हत्या, पाळकसाहेब. सिस्टरबाईंचा दम पुरायचा नाही, म्हणून थांबायच्या. मी पण म्हणूनच.”

पाळकसाहेबांना वाटलं काका दुःखात बोलतायत, दोन आठवड्यांनी येतील. पप्पा आले नाहीत. त्यांनी पेटी आमच्या एका नातेवाइकाच्या मुलीला शिकायला दिली. रविवारी ते मम्मीच्या शेजारी बसतात, हात बाकाच्या पाठीवर ठेवतात आणि सगळ्यांबरोबर गातात.

अंत्यविधीनंतरच्या रविवारी मी पहिला ट्रॅक लावला, तोच जुना, सगळ्या जागा कापलेला. पुढच्या रांगांनी टाचांपर्यंत हालचाल केली. शेवटच्या रांगेने पहिली ओळ गायली आणि ठोक्यावर संपवली. दुसरीही. तिसरीही. एक अक्षर मागे नाही, पुढे नाही. मी लॅपटॉपमागे उभा होतो आणि मला ते ऐकवत नव्हतं. गाणं वेळेवर संपलं. तमिळ मंडळी आली तेव्हा आम्ही चपला घालत होतो.

बाहेर पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “ब्रदर, शेवटी जमवलंतच. आता कसा बरोबर बसलाय ट्रॅक.” त्यांना वाटतं मी तो दुरुस्त केला. मी त्याला हातही लावलेला नाही.